कर्क्युमिन आणि कर्करोगपेशी

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिन या द्रव्याचा कर्करोगपेशींच्या वाढीवर होणारा परिणाम. ब्रोकोलीतले सल्फोराफेन, हिरव्या चहातली कॅटेचिने, द्राक्षाच्या सालीतले रेस्व्हेराट्रॉल अशा अन्नातील अनेक वनस्पतिजन्य द्रव्यांवर कर्करोगाच्या संदर्भात संशोधन झाले आहे. त्यांत कर्क्युमिनवरचे काम विपुल आहे. काचपात्रात वाढवलेल्या कर्करोगपेशींना ते रोखते, हे वारंवार दिसले. माणसाच्या शरीरात ते तसे करते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

फोगेल आणि पेल्त्ये यांनी 1815 मध्ये हे द्रव्य हळदीतून वेगळे केले. त्याची रासायनिक रचना 1910 मध्ये उलगडली. वाळलेल्या हळकुंडात कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडद्रव्ये मिळून वजनाच्या साधारण 2 ते 5 टक्के भरतात. जात, जमीन आणि हवामान यांनुसार हे प्रमाण बदलते. सांगलीच्या बाजारात हळदीचा रंग पाहून भाव ठरत आला, तर अर्क काढणारे कारखाने आता थेट कर्क्युमिनची टक्केवारी विचारतात. सांगलीच्या आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे.

पेशीच्या आत काय घडते, याचा सर्वांत जास्त अभ्यासलेला धागा एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचा आहे. एरवी हे प्रथिन पेशीद्रवात दुसऱ्या एका प्रथिनाने जखडून ठेवलेले असते. दाहाचा संदेश आला की ती पकड सुटते, प्रथिन केंद्रकात शिरते आणि पेशीला जगवणारी, तिचे विभाजन चालू ठेवणारी जनुके जागी करते. अनेक कर्करोगांत हे प्रथिन सतत मोकळेच असते. कर्क्युमिन ही सुटका अडवते, असे 1995 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एका प्रयोगशाळेने दाखवले. त्याआधी, 1985 मध्ये, केरळातील त्रिशूरच्या संशोधकांनी हळदीचा अर्क पेशींना मारक ठरतो, असे नोंदवले होते. पुढे विभाजनाच्या मधल्याच टप्प्यावर अडकलेल्या किंवा नियोजित मृत्यूकडे वळलेल्या पेशींची वर्णने शेकड्यांनी आली. आतडे, स्तन, स्वादुपिंड, पुरःस्थ ग्रंथी, जवळपास प्रत्येक अवयवाच्या पेशींवर कर्क्युमिन चालताना दिसले. एकच द्रव्य इतक्या ठिकाणी इतक्या गोष्टी करते, तेव्हा औषधशास्त्रज्ञ खूश होण्याऐवजी सावध होतो.

ही सावधगिरी कशासाठी, ते घरातल्या अनुभवावरून कळते. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो. अल्कधर्मी माध्यमात रेणूचे रूप बदलल्याची ही खूण. रक्ताइतक्या सौम्य अल्कधर्मी द्रावणातही कर्क्युमिन फार काळ टिकत नाही. रक्तद्रव मिसळलेला नसेल तर अर्ध्या तासात त्याचा मोठा भाग विघटित होतो. शिवाय प्रकाश पडला की ते स्वतःच चमकते आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे चाचणीत जो परिणाम दिसतो तो कर्क्युमिनचा, त्याच्या तुकड्यांचा की मोजमापातल्या गोंधळाचा, हे सांगणे अवघड होते. 2017 मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका सविस्तर आढाव्याने हे सगळे मुद्दे मांडले. दुहेरी अंध (कोणाला काय दिले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली) आणि औषधाभासाशी, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीशी, तुलना करणारी एकही चाचणी कर्क्युमिनच्या बाजूने यशस्वी ठरलेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ह्यूस्टनच्या त्याच प्रयोगशाळेचे अनेक निबंधही पुढे नियतकालिकांनी मागे घेतले.

दुसरी अडचण पोचण्याची. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून थोडेच शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याला आतड्याची भिंत व यकृत लगेच दुसऱ्या रेणूंशी जोडून निकामी करतात. तैवानमधील 2001 च्या चाचणीत दिवसाला 8 ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर रक्तात ते जेमतेम 1.8 मायक्रोमोलरपर्यंत (मायक्रोमोलर हे द्रावणातील प्रमाण मोजण्याचे एकक) पोचले. काचपात्रातले प्रयोग बहुधा 10 ते 50 मायक्रोमोलरवर होतात. आणि 8 ग्रॅम म्हणजे किती? तीन टक्क्यांच्या हिशेबाने रोज पाव किलोहून अधिक हळद. आमटीच्या फोडणीत पडते ती चिमूटभर.

काळी मिरी हा यावरचा बहुचर्चित उपाय. बंगळूरच्या 1998 च्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतले तिखट द्रव्य, दिल्यावर रक्तातील उपलब्धता 20 पट वाढली. बाटलीवर छापायला आकडा उत्तम आहे, पण मुळात ती पातळी नगण्य होती, हे बाटलीवर छापत नाहीत.

रक्तात न शिरताही कर्क्युमिन मोठ्या आतड्याच्या अस्तराला स्पर्श करते, म्हणून तिथे आशा जास्त होती. आतड्यात शेकडो गाठी होऊन पुढे कर्करोगात बदलणाऱ्या एका आनुवंशिक विकाराच्या पाच रुग्णांना कर्क्युमिन व क्वेर्सेटिन हे आणखी एक वनस्पतिजन्य द्रव्य सहा महिने दिले, तेव्हा गाठींची संख्या सरासरी 60 टक्क्यांनी घटली. हे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मग 44 रुग्णांची रीतसर चाचणी झाली, निम्म्यांना वर्षभर रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन आणि उरलेल्यांना औषधाभास. 2018 मध्ये आलेल्या निकालात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पहिल्या प्रयोगाच्या प्रमुख संशोधकच दुसऱ्याच्याही प्रमुख होत्या. स्वतःचाच निष्कर्ष असा तपासून पाहणे या क्षेत्रात विरळा. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या 2008 च्या चाचणीत तपासता आलेल्या 21 रुग्णांपैकी दोघांतच काही परिणाम दिसला.

महाराष्ट्रात या विषयाची सांगड पुष्कळदा शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील ‘हळदीघाटी’शी, म्हणजे हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्धच्या लढ्याशी, घातली जाते. 1995 मध्ये अमेरिकेत दिले गेलेले आणि 1997 मध्ये रद्द झालेले ते पेटंट जखम भरण्याच्या उपयोगाचे होते. कर्करोगाशी त्याचा संबंध नव्हता.

वनस्पतींतून कर्करोगाची खरी औषधे मिळाली आहेत, पण ती ताटातली नव्हेत. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आले. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असते, आणि त्यापासून बनलेले इरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरतात. ही द्रव्ये विषारी आहेत, म्हणूनच ती मोजून, शिरेतून देतात.

स्वयंपाकातली हळद निर्धोक मानली जाते. गोळ्यांच्या रूपातील जादा मात्रेचे तसे नाही. अशा गोळ्यांनंतर, विशेषतः पिपेरिन मिसळलेल्या, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली व अमेरिकेत झाल्या आहेत. 2002 मधील एका प्रयोगात उंदरांना आहारातून कर्क्युमिन दिल्यावर स्तनाच्या गाठीवर सायक्लोफॉस्फामाइड या केमोथेरपीच्या औषधाचा परिणाम मंदावला. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने हळदीच्या गोळ्या घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे, असे म्हणतात ते यासाठी.