धडधडतंय कळतं, घाबरलोय हे कळत नाही

ज्याला स्वतःच्या भावना सांगता येत नाहीत तो दगड, त्याच्या अंगालाही काही लागत नाही, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्नीऑस यांनी १९७०च्या दशकात या अडचणीला ‘अलेक्सिथायमिया’ म्हटलं, ते मनोकायिक (मनाच्या ताणाशी जोडलेल्या शारीरिक) आजारांचे रुग्ण पाहूनच. दुखण्याबद्दल हे रुग्ण भरभरून बोलत. मनाचं विचारलं की गप्प.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, पोटात गोळा आला, तळहात ओले झाले. बहुतेकांना कळतं की आपण घाबरलोय. या माणसाला वाटतं, सकाळचा वडा बाधला, आणि तो ॲसिडिटीची गोळी शोधतो. संवेदना जोरात येते, अर्थ लागत नाही. शरीराकडे सतत लक्ष असणं आणि त्याच्या खुणा अचूक ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शर्टाचा टॅग टोचणाऱ्या, मिक्सरच्या आवाजाने हैराण होणाऱ्या अनेक स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींमध्ये (सगळ्यांमध्ये नाही) ही अडचण दिसते. त्यांनाच भावनाशून्य म्हणायचं, हे जरा अतिच झालं.

अलेक्सिथायमिया हा स्वतंत्र आजार मानला जात नाही; २० विधानांच्या टोरंटो प्रश्नावलीने त्याचं प्रमाण मोजतात. छातीत दुखलं तर मात्र आधी ईसीजी काढा.