खानदेशच्या अंगणातील खांबासारखा निवडुंग : नाव, मूळ आणि निगा यांची पार्श्वभूमी

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांत घरांच्या अंगणात किंवा कुंपणाच्या कोपऱ्यात सरळ उंच वाढणारा आणि रात्री वीतभर लांबीची पांढरी फुले देणारा जो निवडुंग आढळतो, तो बहुतेक वेळा सेरिअस या अमेरिकी प्रजातीचा असतो. माळावर आणि टेकड्यांवर आपोआप वाढणाऱ्या थोराशी त्याचे नाते नाही, जरी धारा (कांबेवरचे उभे कंगोरे), काटे आणि उभा बांधा दोघांत सारखेच दिसतात. थोराला जरा खरचटले तरी पांढरा चीक वाहतो आणि तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. सेरिअसची कांब कापली तर आत पाणीदार, बुळबुळीत गर असतो, आणि त्याचे काटे धारेवरच्या लोकरीसारख्या बारीक गादीतून झुबक्याने निघतात. आयुर्वेदात स्नुही म्हणून जे सांगितले आहे ते थोराच्या वर्गातले आहे. निवडुंगाचे जवळजवळ संपूर्ण कूळ मूळचे अमेरिका खंडातले असल्यामुळे प्राचीन ग्रंथांतील गुण सेरिअसला लावणे चुकीचे आहे, आणि त्याच्या भरवशावर कोणी औषधयोजना करू नये.

अमेरिकी निवडुंग भारतात रुजले त्याची बरीच चर्चा फड्या निवडुंगापुरतीच झालेली आहे. किरमिजी रंग देणारा किडा पोसावा या हेतूने 1795 साली ब्राझीलहून जो किडा आणला गेला, तो उत्तम रंगाचा नव्हे तर वेगळाच निघाला आणि त्याने फड्याची एक जात मोठ्या प्रमाणावर नष्ट केली. दुसरी जात मात्र त्याला पुरून उरली, आणि तिच्या बंदोबस्तासाठी 1926 साली श्रीलंकेतून आणखी एक किडा आणावा लागला. सेरिअसचा प्रवास इतक्या गाजावाजाने झाला नाही. तो शोभेचे झाड म्हणून एका बागेतून दुसऱ्या बागेत गेला, बहुधा छाटलेल्या कांबेच्या रूपाने.

खरा गुंता त्याच्या नावाचा आहे. 1753 साली युरोपात वनस्पतींची द्विपद, म्हणजे दोन शब्दांची, नावे ठरली तेव्हा एका उभ्या निवडुंगाला पेरू देशातले म्हणून ‘पेरुव्हिआनस’ हे विशेषण मिळाले आणि 1768 साली ते सेरिअसला जोडले गेले. पुढे दोनशे वर्षे जगभरच्या बागांत, आणि त्यामुळे आपल्याकडच्या रोपवाटिकांतही, जवळजवळ प्रत्येक निळसर-हिरव्या उभ्या निवडुंगावर हीच पाटी लागत राहिली. वास्तविक बागांतली बहुसंख्य झाडे पेरू देशातली नाहीत. अलीकडच्या वर्गीकरणात पेरुव्हिआनस हे नाव ‘रेपांडस’ या जातीत विलीन करण्यात आले, आणि या निर्णयाचा परिणाम प्रस्तुत लेखकाच्या मते हानिकारक झाला. नाव बदलताना झाडे पुन्हा तपासली गेली नाहीत. जुनी पाटी काढून नवी लावण्यात आली, आणि दक्षिण ब्राझील, उरुग्वे व पॅराग्वे या भागांतील ‘हिल्डमानिआनस’ जातीची असंख्य झाडे एका रात्रीत कॅरिबियन समुद्राच्या काठची ठरली.

हा वाद केवळ कागदावरचा नाही. रेपांडस हा कुरसाव, अरुबा आणि व्हेनेझुएलाच्या उष्ण किनाऱ्यांवरचा आहे. त्याला साधारण नऊ ते दहा धारा आणि भरपूर राखाडी काटे असतात, आणि कुरसावमध्ये त्याच्या सोललेल्या कांबेचे कालवण करतात. हिल्डमानिआनसला बहुधा पाच ते आठच धारा असतात, काटे थोडे किंवा अजिबात नसतात, आणि तो थंडी अधिक सोसतो. जळगावच्या उन्हाळ्यात दोघेही टिकतात, परंतु हिवाळ्यात दवबिंदू गोठणाऱ्या सातपुड्यातल्या डाब आणि तोरणमाळच्या परिसरात लावायचा असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. तिसरा, ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या पट्ट्यातला जमाकारू, तिथे दुष्काळात काटे जाळून गुरांना घालतात. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो उपद्रवी तण ठरला आहे, म्हणून छाटलेल्या कांबा नाल्याकाठी किंवा गायरानात टाकून देऊ नयेत. रोप लहान असताना धारांची संख्या बदलत असते. त्यामुळे फूल येईपर्यंत पाटीवर केवळ ‘सेरिअस’ लिहिणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

निगेच्या बाबतीत खानदेशात उन्हापेक्षा काळी जमीन जास्त घातक आहे. कपाशीला मानवणारी ही माती पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते आणि बुंधा खालून सडतो. म्हणून उंचवटा करून निम्मा मुरूम किंवा जाड वाळू मिसळलेल्या मातीत लागवड करावी. कापलेली कांब सावलीत एक-दोन आठवडे सुकवून, जखमेवर कोरडी पापडी धरल्यावरच रोवावी. रोपवाटिकेच्या सावलीत वाढलेले झाड मे महिन्यात एकदम उघड्यावर ठेवल्यास त्याची साल पांढरी पडून करपते आणि तो डाग कायम राहतो. बुंध्याशी येणारा तपकिरी, लाकडासारखा थर मात्र वयाचा आहे, त्याला रोग समजून औषध फवारण्याची गरज नाही. मऊ, काळपट आणि दुर्गंधी येणारा भाग हीच कुज समजावी, आणि निरोगी गर दिसेपर्यंत तो कापून काढावा. पिठ्या ढेकूण धारांच्या खाचांत लपतो, तिथे नजर ठेवावी.

फुले रात्री उमलतात आणि सकाळच्या उन्हात मिटतात, म्हणून पुष्कळ घरी त्यांना ब्रह्मकमळ म्हणतात. आपल्याकडे ब्रह्मकमळ म्हणून कुंडीत लावतात तोही सपाट, पानासारख्या कांबांचा निवडुंगच आहे, आणि हिमालयातले ब्रह्मकमळ या दोघांहून निराळे. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात गेल्या काही दशकांत याच उभ्या निवडुंगाची फळांसाठी लागवड झाली. त्याचे फळ बिनकाट्याचे असते, आणि पांढऱ्या गोड गरात काळ्या बिया असतात. आपल्याकडे फुले भरपूर येऊनही फळ क्वचित धरते, कारण यातील बहुतेक झाडे स्वतःच्या परागाने फळत नाहीत आणि एका गल्लीतली झाडे अनेकदा एकाच मूळ झाडाच्या छाटांपासून आलेली असतात. फळ हवे असेल तर बियांपासून वाढवलेले किंवा दूरच्या गावातून आणलेले दुसरे झाड जवळ लावावे, आणि दोन्हींना एकाच रात्री फूल असेल तेव्हा कोरड्या कुंचल्याने एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलात पोचवावेत.