लिनक्ससीएनसीवर चालणाऱ्या आपल्या मशीनची कागदपत्रे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या कारखान्यातील जुन्या लेथचा किंवा मिलिंग मशीनचा मूळ कंट्रोलर काढून त्या जागी आम्ही लिनक्ससीएनसी ही संगणकावरून मशीन चालवणारी मुक्त प्रणाली बसवून देतो. मशीन ताब्यात देताना पॅनेलच्या दाराच्या आतील खिशात एक फाइल ठेवलेली असते. ती फाइल कशी तयार होते, तिच्यात आपण काय लिहावे, आणि तिच्यातील काही मजकूर आम्ही या प्रणालीच्या मूळ मॅन्युअलसाठी का पाठवतो, याची माहिती या पत्रकात दिली आहे. ही फाइल आम्ही मशीनचा भाग मानतो. ड्राइव्ह बदलता येतो, संगणक बदलता येतो. पण कोणता आकडा कोठून आला हे लिहिलेले नसेल, तर पाच वर्षांनी येणाऱ्या कारागिराला सगळे पहिल्यापासून शोधावे लागते आणि तोवर मशीन उभे राहते.

मूळ मॅन्युअल आणि त्याची आवृत्ती

या प्रणालीची सुरुवात १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत ‘एनहान्स्ड मशीन कंट्रोलर’ या नावाने झाली. सरकारी काम असल्यामुळे ते सर्वांसाठी खुले राहिले आणि पुढे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी ते वाढवले. ईएमसी, मग ईएमसी-टू, आणि २०१२ च्या सुमारास लिनक्ससीएनसी, असा तिच्या नावाचा प्रवास आहे. आपल्या दृष्टीने या इतिहासाचा उपयोग एवढाच, की इंटरनेटवर सापडलेल्या एखाद्या सूचनापत्रात ‘ईएमसी-टू’ असे नाव दिसले, तर तो मजकूर बराच जुना आहे हे लगेच ओळखावे आणि त्यातील आकडे व ओळी मशीनमध्ये तशाच उतरवू नयेत.

यात काळजी घेण्याजोगी एक मोठी जागा आहे. २०२० मध्ये आलेल्या २.८ या आवृत्तीत ‘जॉइंट’ आणि ‘अक्ष’ या दोन गोष्टी वेगळ्या करण्यात आल्या. त्याआधी सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये पहिल्या मोटरची सगळी माहिती ‘अ‍ॅक्सिस ०’ या एकाच विभागात लिहिली जात असे; आता मोटर व तिची यंत्रणा ‘जॉइंट ०’ मध्ये आणि अक्षाच्या मर्यादा ‘अ‍ॅक्सिस एक्स’ मध्ये लिहाव्या लागतात. जुन्या फाइली नव्या पद्धतीत आणण्याचे साधन प्रणालीसोबतच मिळते, त्यामुळे आवृत्ती बदलणे अवघड नाही. अडचण होते ती जुने पान वाचून नव्या मशीनमध्ये हाताने ओळी भरल्या की. म्हणून आम्ही दिलेल्या प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात ते पान कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले आहे याची नोंद असते आणि तीच आवृत्ती पॅनेलच्या दारावरील पट्टीवरही असते. दोन्ही जुळत असतील तरच ते पान वापरावे.

मूळ मॅन्युअल इंग्रजीत असून शेकडो पानांचे आहे आणि त्यातील बराच भाग फार चांगल्या रीतीने लिहिलेला आहे. होमिंगचे, म्हणजे सुरुवातीला प्रत्येक अक्षाचे मूळ स्थान शोधण्याचे, प्रकरण त्याचा उत्तम नमुना म्हणता येईल. स्विच शोधण्याचा वेग आणि स्विच नेमका पकडण्याचा वेग, या दोन आकड्यांची चिन्हे अधिक आहेत की उणे, यावरून मशीन स्विचकडे कोणत्या बाजूने जाईल आणि शेवटचे स्थान स्विच दबताना घेईल की सुटताना, हे ठरते; मॅन्युअलमध्ये याच्या चारही शक्यता आकृतीने दाखवल्या आहेत. ती आकृती आम्ही आमच्या फाइलमध्ये तशीच ठेवतो आणि आपल्या मशीनला लागू असलेल्या शक्यतेभोवती लाल चौकट काढतो.

मशीनपुढे उभ्या असलेल्या माणसाला काय हवे असते

मूळ मॅन्युअलची रचना सेटिंगच्या नावांनुसार आहे. मशीन बसवणाऱ्याला ती सोयीची पडते, कारण त्याला कोणती सेटिंग करायची आहे हे आधीच ठाऊक असते. ऑपरेटर आणि मेंटेनन्सचा माणूस मात्र पडद्यावर आलेला संदेश हातात घेऊन येतात, आणि त्या संदेशापासून योग्य सेटिंगपर्यंतचा रस्ता बहुतेक वेळा त्यांना स्वतःच शोधावा लागतो. या प्रणालीच्या कागदपत्रांत सर्वांत अधिक सुधारणा येथेच व्हायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्टेपर मोटर असलेल्या लेथचे उदाहरण घेऊ. एक्स अक्षाच्या बॉलस्क्रूमध्ये झिजेमुळे प्ले, म्हणजे सैलपणा (बॅकलॅश), आला. मेंटेनन्सच्या माणसाने डायल लावून तो ०.०४ मिलिमीटर मोजला आणि बॅकलॅशच्या नोंदीत तो आकडा भरला. मोजमाप बरोबर आहे, नोंदही योग्य जागी केली आहे. तरीसुद्धा मशीन सुरू केल्यावर स्लाइड दिशा बदलते त्या क्षणी पडद्यावर ‘जॉइंट ० फॉलोइंग एरर’ (आज्ञेतील आणि प्रत्यक्ष स्थानात मर्यादेपेक्षा अधिक फरक) असा संदेश येऊन मशीन बंद पडू शकते. हा संदेश वाचून माणूस मोटर, कपलिंग, ड्राइव्ह आणि वायरिंग तपासू लागतो, आणि त्यांत काहीच दोष सापडत नाही. खरे कारण असे असते की, दिशा बदलताना पल्स देणाऱ्या भागाला नेहमीच्या हालचालीसोबत प्ले भरून काढणारी हालचालही करावी लागते, आणि त्याची प्रवेगाची मर्यादा, म्हणजे ‘स्टेपजेन मॅक्सअ‍ॅक्सेल’, अक्षाच्या प्रवेगाच्या जेमतेम वर ठेवलेली असेल, तर तो मागे पडतो. मॅन्युअल सांगते की ही मर्यादा एरवी अक्षाच्या प्रवेगापेक्षा १ ते १० टक्के अधिक असावी. पण बॅकलॅश भरला असेल तर ती दीडपट ते दुप्पट ठेवावी. ही सूचना मॅन्युअलमध्ये बॅकलॅशच्या नोंदीतही दिलेली आहे, म्हणजे लिहिणाऱ्याने आपले काम चोख केले आहे. परंतु जो माणूस ‘फॉलोइंग एरर’ या शब्दांपासून सुरुवात करतो, तो त्या नोंदीपर्यंत पोहोचेलच असे नाही.

म्हणून आमच्या फाइलचा पहिला विभाग संदेशांच्या क्रमाने लावलेला आहे. पडद्यावर जसा येतो तसा संदेश, त्याखाली आपल्या मशीनवर तो कोणकोणत्या कारणांनी येऊ शकतो, त्यांपैकी आधी काय पाहावे, आणि कोणत्या गोष्टीला ऑपरेटरने हात लावू नये, हे मराठीत लिहिलेले असते. ‘आधी काय पाहावे’ हा क्रम आम्ही कष्टाने ठरवतो; ज्यासाठी मशीन उघडावे लागत नाही, ते पहिल्यांदा.

फॅनुकवर हात बसलेल्या ऑपरेटरसाठी

आपल्याकडील बहुतेक टर्नर फॅनुक कंट्रोलरवर शिकलेले असतात, आणि जी-कोड, म्हणजे प्रोग्राममधील आज्ञा, ओळखीचे दिसतात म्हणून ते निर्धास्तपणे प्रोग्राम लिहितात. काही कोडांचा अर्थ येथे वेगळा आहे. त्यांचे स्वतंत्र पान फाइलमध्ये आहे आणि मशीन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक शिफ्टच्या ऑपरेटरने ते वाचलेच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. त्यातील तीन गोष्टी येथेही देतो.

पहिली गोष्ट व्यासाची. लिनक्ससीएनसी सुरू होते तेव्हा मुळात जी ८, म्हणजे त्रिज्येची पद्धत लागू असते. व्यासाने काम करायचे असल्यास जी ७ द्यावा लागतो. आम्ही दिलेल्या लेथमध्ये सुरुवातीच्या कोडांत जी ७ घालून ठेवलेला असतो, तरीही प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत तो लिहावा, कारण तोच प्रोग्राम उद्या दुसऱ्या मशीनवर जाऊ शकतो आणि तेथे २० मिलिमीटरच्या व्यासाचा आकडा त्रिज्या म्हणून वाचला जाईल.

दुसरी गोष्ट आट्यांची. जी ७६ येथे एकाच ओळीत लिहितात आणि त्यातील ‘पी’ म्हणजे आट्याचा पिच. फॅनुकच्या दोन ओळींच्या जी ७६ मध्ये दुसऱ्या ओळीतील ‘पी’ म्हणजे आट्याची उंची असते. शिवाय येथे ‘आय’, ‘जे’ आणि ‘के’ हे आकडे जी ७ चालू असताना व्यासाचे आणि जी ८ चालू असताना त्रिज्येचे धरले जातात. जुना प्रोग्राम तसाच चालवू नये. आमच्या पानावर एम २० x २.५ आट्याची ओळ एकेका अक्षराच्या अर्थासह सोडवून दाखवली आहे, ती समोर ठेवून नवी ओळ लिहावी.

तिसरी गोष्ट कोपऱ्यांची. जी ६४ नुसता दिला तर मशीन वेग टिकवण्याला प्राधान्य देते आणि त्यासाठी कोपरा कितीही गोल होऊ देते. जी ६४ पी ०.०२ असे लिहिले तर मार्ग ०.०२ मिलिमीटरच्या आत राहतो. प्रोफाइलच्या कोपऱ्यावर माप चुकत असल्याची तक्रार आली की आधी ही ओळ पाहावी.

आकडा आणि त्याचे कारण

फाइलच्या दुसऱ्या विभागात आपल्या मशीनचे आकडे असतात. एकही आकडा कारणाशिवाय लिहायचा नाही, असा नियम आम्ही पाळतो. उदाहरणार्थ, ‘झेड अक्षाचे स्केल ४००’ एवढेच लिहून भागत नाही. बॉलस्क्रूचा पिच ५ मिलिमीटर, मोटर थेट जोडलेली, ड्राइव्हवर एका फेऱ्याला २००० पल्स, म्हणून मिलिमीटरला ४०० पल्स, असे पूर्ण लिहिलेले असते. उद्या ड्राइव्ह जळाला आणि नव्या ड्राइव्हचे स्विच चुकून १६०० वर राहिले, तर १०० मिलिमीटरच्या आज्ञेला स्लाइड १२५ मिलिमीटर जाईल. हिशोब समोर असेल, तर जो कोणी ड्राइव्ह बसवत असेल त्याला तो चालवून पाहण्याआधीच स्विच तपासावेसे वाटतील.

वायरिंगच्या बाबतीत हेच तत्त्व आम्ही संगणकातील हॅल फाइलपर्यंत नेतो. हॅल म्हणजे प्रणालीचे वेगवेगळे भाग आणि बाहेरचे इनपुट-आउटपुट यांची एकमेकांशी जोडणी करणारा थर. त्यातील प्रत्येक जोडणीला बसवणारा हवे ते नाव देऊ शकतो. ‘सिग्नल १७’ असे नाव दिले तरी मशीन चालते, पण पुढे कोणालाही ते वाचता येत नाही. आम्ही ‘एक्स होम स्विच’ किंवा ‘कूलंट पंप’ अशा अर्थाचेच नाव देतो आणि शेजारच्या टीपेत पॅनेलमधील टर्मिनलचा व वायरचा क्रमांक लिहितो. मल्टिमीटर घेऊन उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियनला कागद, वायर आणि पडदा या तिन्ही ठिकाणी एकच नाव दिसावे, हा हेतू आहे.

इमर्जन्सी बटणाविषयी फाइलमध्ये वेगळे पान आहे आणि त्यातील मजकूर आम्ही कोणाच्याही सांगण्यावरून बदलत नाही. ते बटण ड्राइव्ह आणि स्पिंडलची वीज प्रत्यक्ष तारेने व रिलेने तोडते. प्रणालीला केवळ बटण दाबल्याची खबर मिळते. हे सर्किट वळसा घालून चालवू नये.

आपल्याकडून काय हवे

फाइलच्या शेवटी कोरी पाने आहेत. बिघाड झाल्यास तेथे संदेश जसाच्या तसा उतरवावा किंवा मोबाइलवर पडद्याचा फोटो काढावा. प्रोग्रामची कोणती ओळ चालू होती, कोणता अक्ष हलत होता, आणि त्याआधी मशीनमध्ये, वायरिंगमध्ये किंवा संगणकात काय बदलले होते, हेही लिहावे. यातील शेवटची नोंद बहुधा राहून जाते आणि तीच सर्वाधिक उपयोगी पडते. संगणक अपडेट केल्यानंतर ‘अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले’ असा संदेश येऊ लागला, तर त्या अपडेटची नोंद असल्यास आम्ही थेट लेटन्सी चाचणीकडे, म्हणजे संगणक वेळेवर प्रतिसाद देतो का हे तपासण्याकडे, वळतो. मुळात, चालू मशीनच्या संगणकावर आम्हाला विचारल्याशिवाय अपडेट घेऊ नये.

या नोंदींतून मूळ मॅन्युअलमध्ये एखादी गोष्ट अपुरी, जुनी किंवा चुकीच्या जागी आहे असे आढळले, तर आम्ही तिची दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवतो. मॅन्युअलचा मजकूर प्रोग्रामसोबत एकाच भांडारात साध्या अक्षरांत ठेवलेला असतो, कोणीही बदलाचा प्रस्ताव देऊ शकतो, आणि सांभाळणारे लोक तपासून तो स्वीकारतात. आम्ही एका प्रस्तावात एकच बदल सुचवतो आणि मशीनवर चालवून न पाहिलेले वाक्य पाठवत नाही, कारण मॅन्युअलमधला आकडा वाचणारा तो डोळे झाकून भरतो. या कामाचे वेगळे शुल्क आपल्याकडून घेतले जात नाही. तयार मॅन्युअल आम्हाला फुकट मिळाले आहे, त्यावर आमचा व्यवसाय उभा आहे, तेव्हा हे काम आम्ही स्वतःचेच समजतो. त्यातून आपलाही लाभ होतो : जी दुरुस्ती मूळ मजकुरात गेली, ती पुढील आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये आपोआप येते आणि आम्हाला ती पुन्हा पुन्हा हाताने जोडावी लागत नाही.

आपल्या जॉबचे ड्रॉइंग, प्रोग्राम, पार्ट क्रमांक, ग्राहकांची नावे किंवा कारखान्याचे फोटो आम्ही कधीही बाहेर पाठवत नाही. उदाहरण देण्याची गरज पडल्यास चाचणीच्या दांड्यावर नवा प्रोग्राम लिहून तो देतो.

फाइलसोबत एक पेनड्राइव्ह दिलेला आहे. त्यात आयएनआय व हॅल फाइली, टूल टेबल (टूलच्या मापांची यादी) आणि जी ५४ सारखे ऑफसेट (जॉबच्या शून्यबिंदूची स्थाने) ज्यात साठतात ती पॅरामीटर फाइल, या सर्वांची मशीन ताब्यात दिल्या दिवसाची प्रत आहे. कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी त्या वेळच्या फाइलींची नवी प्रत तारखेच्या नावाने तयार करावी आणि बदलणाऱ्याने कोऱ्या पानावर जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि आपली सही करावी. या फाइलींवर आम्ही पासवर्ड घालत नाही. आमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून दुरुस्ती करून घेण्याची आपल्याला पूर्ण मोकळीक आहे. मशीन विकल्यास फाइल आणि पेनड्राइव्ह नव्या मालकाला द्यावेत आणि आम्हाला कळवावे, म्हणजे पुढच्या सुधारित पानांच्या प्रती त्यांच्या पत्त्यावर पाठवता येतील.