सहावा आठवडा म्हणजे नेमका कधी?

गर्भपाताच्या कायद्यावर वाद पेटला की आठवड्यांचे आकडे फेकले जातात. सहा, बारा, पंधरा, वीस, चोवीस. ऐकणाऱ्याला वाटतं, हे आकडे कुठल्या तरी प्रयोगशाळेत मोजून आले असणार. तेव्हा नैतिकतेच्या प्रश्नाला हात घालण्याआधी हे आठवडे मोजतात कसे ते पाहिलेलं बरं. निम्मा घोळ तिथेच आहे.

समजा, एका स्त्रीची शेवटची पाळी १ मार्चला सुरू झाली. पाळी अगदी घड्याळ लावल्यासारखी, २८ दिवसांनी येणारी. तिचं स्त्रीबीज १५ मार्चच्या आसपास बाहेर पडेल आणि फलन व्हायचं असेल तर ते त्याच सुमारास होईल. डॉक्टर मात्र गर्भाचं वय १ मार्चपासून धरतात. म्हणजे फलन झालं त्या दिवशी कागदावर गर्भ दोन आठवड्यांचा असतो! यात लबाडी काही नाही. फलनाचा दिवस सहसा कुणालाच ठाऊक नसतो, पाळीची तारीख आठवते. एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने रूढ झालेला २८० दिवसांचा हिशेब याच तारखेवर उभा आहे, आणि सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून वय दुरुस्त करतात तेही याच पट्टीवर.

फलित बीज गर्भाशयात रुजायला आणखी आठवडाभर तरी जातो. ते रुजल्यावरच एचसीजी हे संप्रेरक रक्तात आणि मग लघवीत उतरतं, आणि घरच्या चाचणीत दोन रेघा उमटतात. २९ मार्चला पाळी आली नाही. होतो कधीकधी उशीर, म्हणून चार दिवस वाट पाहिली. मग चाचणी, मग डॉक्टरांची वेळ. सहा आठवडे पूर्ण होतात १२ एप्रिलला. ‘सहा आठवड्यांची मुदत’ म्हणजे प्रत्यक्षात पाळी चुकल्यापासून चौदा दिवस, तेही सगळं सुरळीत असेल तर. पाळी अनियमित असणाऱ्या बाईला ती चुकली आहे हेच तोवर कळलेलं नसतं.

अमेरिकेत टेक्सस राज्याचा १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेला कायदा याच टप्प्यावर उभा राहिला. त्यात आठवड्यांचा आकडा नव्हता, ‘हृदयाचे ठोके’ होते. ते आढळले की गर्भपाताला बंदी. या वेळी भ्रूण जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं असतं. हृदयाच्या जागी एक नळी असते आणि तिच्यातल्या पेशी विद्युत संकेतांच्या तालावर आकुंचन पावत असतात. चार कप्पे आणि झडपा तयार व्हायला अजून काही आठवडे बाकी असतात. सोनोग्राफीच्या खोलीत ऐकू येणारी ‘धक् धक्’ झडपांच्या उघडझापीची नसते, त्या हालचालीवरून यंत्राने तयार केलेला तो आवाज असतो. म्हणूनच अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या मुख्य संघटनेने या टप्प्यावर ‘ठोके’ म्हणण्याला आक्षेप घेतला. कायद्याच्या बाजूचे लोक म्हणतात, ही हालचाल दिसली की गर्भ टिकण्याची शक्यता बरीच वाढते. तेही खरं आहे. पण गर्भ टिकण्याची शक्यता वाढली म्हणजे त्याला हक्क मिळाला, ही उडी सोनोग्राफीच्या यंत्राने मारलेली नसते. ती आपण मारतो.

या ठोक्यांपायी काय होऊ शकतं ते आयर्लंडने २०१२ साली पाहिलं. सविता हलप्पनवार या मूळच्या भारतीय दंतवैद्य सतरा आठवड्यांच्या गरोदर होत्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं, पण त्याचं हृदय चालू होतं. तेवढ्यावर गर्भपात नाकारला गेला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि त्या गेल्या. १९८३ च्या घटनादुरुस्तीने तिथे आई आणि गर्भ यांचा जगण्याचा हक्क समान ठरवला होता. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती दुरुस्ती काढून टाकली.

मग रेष फलनावरच का ओढू नये? त्यात एक सुटसुटीतपणा आहे, नवा जनुकसंच तिथेच जुळतो. याविरुद्ध नेहमी सांगितलं जातं की कितीतरी फलित बीजं रुजण्याआधीच निसर्गतः नष्ट होतात. हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. एके काळी तान्ही बाळंही मोठ्या संख्येने दगावत, म्हणून त्यांची किंमत कमी होती असं कुणी म्हणणार नाही. अवघड प्रश्न वेगळाच आहे. फलनानंतरचे पहिले सुमारे चौदा दिवस पेशींच्या त्या एकाच पुंजक्याची जुळी होऊ शकतात. एक व्यक्ती अस्तित्वात आली म्हणावं, तर ती एक की दोन हेच अजून ठरलेलं नसतं. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ साली भ्रूणांवरच्या संशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, त्यामागे हाच विचार होता.

जुन्या कायद्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांची रेष होती पोटात बाळ हलण्याची. १८०३ च्या इंग्रजी कायद्यात आणि १८६० च्या भारतीय दंडसंहितेतही बाळ हलू लागल्यानंतरच्या गर्भपाताला जास्त शिक्षा होती. सोनोग्राफीत गर्भाची हालचाल आठव्या-नवव्या आठवड्यापासून दिसते, आईला ती जाणवते सोळा ते वीस आठवड्यांत. वैज्ञानिकदृष्ट्या रेष अगदीच ढोबळ, पण तिची एकमेव साक्षीदार ती बाईच होती. नंतर साक्ष यंत्राकडे गेली.

वेदनेचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तिथे तज्ज्ञच एकमताने बोलत नाहीत. वेदना जाणवायला मेंदूच्या आतला थॅलॅमस हा भाग आणि मेंदूचा बाहेरचा थर, म्हणजे बाह्यक, यांची जोडणी लागते आणि ती साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास होऊ लागते, असं बहुसंख्य मानतात. २०२० साली दोन संशोधकांनी याला हरकत घेतली. त्यातला एक गर्भपाताच्या हक्काचा समर्थक आणि दुसरा विरोधक, तरी दोघांनी मिळून लिहिलं की याआधीही काही प्राथमिक वेदना शक्य असावी. अशी माणसं एकत्र बसून लिहितात, हे या वादात विरळाच!

सगळ्यात वजनदार ठरलेली रेष आहे ती गर्भ आईच्या पोटाबाहेर जगू शकण्याची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य करणाऱ्या १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालात तीच धरली. तेव्हा हा टप्पा साधारण अठ्ठावीस आठवड्यांचा मानला जाई, क्वचित चोवीस. प्रश्न मुख्यतः फुप्फुसांचा. हवेचे फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून एक साबणासारखा थर लागतो आणि तो पुरेसा तयार व्हायला वेळ लागतो. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की अवेळी प्रसूती होऊ घातलेल्या आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी तो थर बाहेरून घालून बाळं वाचवली. आज चांगल्या नवजात विभागात बावीस-तेवीस आठवड्यांची काही बाळंही जगतात. ब्रिटनने आपली अठ्ठावीस आठवड्यांची मर्यादा १९९० च्या कायद्याने चोवीसवर आणली.

याचा अर्थ असा की ही रेष गर्भाच्या अंगी नसते. काचेची पेटी, व्हेंटिलेटर आणि प्रशिक्षित परिचारिका जिथे आहेत तिथे ती अलीकडे येते, नाहीत तिथे पलीकडे राहते. एकच गर्भ एका शहरात ‘जगू शकणारा’ आणि शंभर कोसांवर ‘न जगू शकणारा’. २०२२ च्या ‘डॉब्ज’ निकालात अमेरिकी न्यायालयाने ‘रो’ रद्दच केला आणि निर्णय राज्यांवर सोपवला, तेव्हा त्यातही या रेषेच्या डळमळीतपणावर बोट ठेवलं होतं. बोट बरोबर जागी होतं. पण तिच्याऐवजी राज्यांनी ओढलेल्या रेषा कुठे जास्त पक्क्या आहेत?

वैद्यकीय वेळापत्रकाचाही कायद्याशी खटका उडतो. गर्भातली व्यंगं तपासणारी सविस्तर सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत होते, त्याआधी अवयव नीट दिसत नाहीत. भारताच्या १९७१ च्या कायद्याने मात्र वीस आठवड्यांवर दार लावलं होतं. हृदयातला दोष कळेपर्यंत मुदत संपलेली असे आणि जोडप्यांना न्यायालयात जावं लागे. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक परिस्थितींत चोवीस आठवडे दिले आणि गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने मर्यादाच काढली.

आता नैतिक गाभा. गर्भ पूर्ण माणूस आहे की नाही, यावरच सगळं ठरतं अशी बहुतेकांची समजूत असते. अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७१ साली ती हलवली. त्यांनी म्हटलं, घटकाभर माना की गर्भ माणूसच आहे. तरीही एका माणसाला जगण्यासाठी दुसऱ्याचं शरीर त्याच्या मर्जीविरुद्ध वापरण्याचा हक्क कुठून येतो? १९८९ मध्ये डॉन मार्क्विस यांनी उलट बाजूने मांडलं की मारण्यातला अन्याय म्हणजे कुणाचं तरी पुढचं सगळं आयुष्य हिरावणं, आणि ते तर गर्भालाही आहे. दोघांपैकी कुणालाही सोनोग्राफीची गरज पडत नाही. माझा कौल थॉमसन यांच्याकडे झुकतो, पण त्यांच्या युक्तिवादातली एक खोच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्यातून शरीर मोकळं करून घेण्याचा हक्क मिळतो, गर्भ मरावाच असा हक्क मिळत नाही.

ही खोच ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर उघडी पडली. सव्वीस आठवड्यांची गर्भवती, आधीची दोन मुलं, प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर उपचार चालू. आधी परवानगी मिळाली. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं की हा गर्भ बाहेर जगू शकतो, तर त्याचं हृदय आधी थांबवायचं का? दोन न्यायाधीशांत मतभेद झाले आणि अखेर तीन न्यायाधीशांच्या पीठाने परवानगी नाकारली.

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी २०१७ साली कोकरांचे गर्भ द्रवाने भरलेल्या पिशवीत चार आठवड्यांपर्यंत वाढवले. माणसांवर हे करावं का, यावर अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी सप्टेंबर २०२३ मध्ये चर्चाही केली. हेतू अपुऱ्या दिवसांची बाळं वाचवण्याचा आहे, गर्भपाताशी त्याचा संबंध नाही. पण अशी पिशवी चालली तर ‘नको असेल तर काढून आम्हाला द्या’ असं म्हणणारं कुणीतरी निघेलच. त्यांना हेही सांगावं लागेल की गोळ्या घेऊन होणारा गर्भपात ही एक गोष्ट आणि गर्भ जिवंत काढण्यासाठी पोट फाडून करायची शस्त्रक्रिया ही दुसरी, आणि तिच्या संमतीच्या कागदावरची सही त्या बाईचीच लागेल.