मिसिंग (एंजिनातील)

मिसिंग : अंतर्ज्वलन-एंजिनाच्या एखाद्या सिलिंडरात हवा-इंधनाचे मिश्रण ठरल्या क्षणी न पेटणे, किंवा पेटूनही अर्धवट जळणे. गॅरेजमध्ये ‘गाडी मिसिंग करते’, ‘मिस मारते’, ‘तीनवर चालते’ असे म्हणतात. ‘मिसिंग’ हे मराठीत नाम म्हणून कधी रुळले ते नेमके सांगता येत नाही. कार्ब्युरेटर व पॉइंटच्या (ठिणगीसाठी विद्युत्प्रवाह तोडणाऱ्या स्पर्शकांच्या) काळापासून ते कारागिरांच्या बोलण्यात असावे. वापरलेली गाडी पारखताना हा दोष बहुधा आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, प्रथम लक्षात येतो.

मिनिटाला ८०० फेरे या मंद गतीला चार स्ट्रोकच्या एंजिनातील प्रत्येक सिलिंडर मिनिटात ४०० वेळा पेटतो. चारांपैकी एक पूर्ण मेला, तर सेकंदाला सहा-सात जोर गळतात आणि ती थरथर सीट व स्टिअरिंगपर्यंत पोहोचते. वेग वाढला की प्रचक्राचे (फ्लायव्हीलचे) जडत्व ही उणीव झाकून टाकते. मात्र थरथर म्हणजे मिसिंगच, असे नव्हे. तीन सिलिंडरच्या एंजिनात ती काही अंशी उपजत असते (मारुती ८०० पासून आजच्या अनेक लहान मोटारींपर्यंत हेच आहे), आणि एंजिनाचे रबरी माउंटिंग फाटले असेल तर सर्व सिलिंडर ठीक पेटत असूनही गाडी हलते.

ठिणगीचा इतिहास : मिसिंगचा इतिहास हा बराचसा ठिणगी बेभरवशाची असण्याचा इतिहास आहे. ठिणगी-गुडदीच्या (प्लगच्या) जनकत्वाविषयी एकमत नाही. एडमंड बर्गर यांनी ती १८३९ मध्ये बनवली, असे अनेक लोकप्रिय पुस्तकांत आढळते. पण त्यांच्या नावे पेटंट नाही, आणि त्या काळी ती लावण्याजोगे एंजिनही प्रचारात नव्हते. त्यामुळे हा दावा जपूनच घ्यावा लागतो. एत्येन लनवार यांनी १८६० च्या आपल्या वायू-एंजिनात विद्युत् ठिणगी वापरली, याला अधिक भक्कम आधार आहे. निकोलाउस ओटो यांनी १८७६ च्या एंजिनात मात्र ठिणगी टाळून ज्योतीने प्रज्वलन केले. डाइमलर यांनी तापलेली नळी पसंत केली, तर बेंझ बॅटरी व कॉइलला (व्होल्टेज वाढवणाऱ्या वेटोळ्याला) चिकटून राहिले. यावरून ठिणगीवरचा भरवसा तेव्हा किती कमी होता ते दिसते. १८९८ मध्ये निकोला टेस्ला, फ्रेडरिक सिम्स आणि रॉबर्ट बॉश या तिघांच्याही नावे प्रज्वलनाची पेटंटे आहेत, व ज्याचा त्याचा चरित्रकार श्रेय आपल्या नायकाला देतो. रोजच्या वापराचा निकष लावल्यास बॉश यांचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये सिद्ध केलेला उच्चदाब मॅग्नेटो (बॅटरीविना ठिणगीची वीज निर्माण करणारे यंत्र) निर्णायक वाटतो. पुढे चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची पद्धत रूढ झाली. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींच्या कार्ब्युरेटर-एंजिनांतही तीच होती. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीत ओल शिरली की टॅक्सी मिस मारू लागे, ती टोपी पुसून कोरडी करेपर्यंत.

यंत्राने ओळख : अमेरिकेत १९९६ पासूनच्या सर्व मोटारींना लागू झालेल्या ओबीडी-२ (गाडीतील संगणकाने स्वतःच दोष ओळखण्याच्या) नियमांनी मिसिंग मोजणे बंधनकारक केले. हेतू चालकाची सोय हा नव्हता. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील प्रदूषके कमी करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटते आणि त्यातील जाळीदार सिरॅमिक वितळवू शकते, हे एक मोठे कारण होते. भारतात ही तपासणी भारत स्टेज ४ या प्रदूषण-मानकाच्या मोटारींत साधारणतः २०१३ पासून आली. त्याआधीच्या गाडीत स्कॅनर (संगणकातील नोंदी वाचणारे उपकरण) लावून मिसिंगचा आकडा मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

पद्धत अशी : भुजादंडावर (क्रँकशाफ्टवर) दातेरी चकती असते. पुष्कळ गाड्यांत ६० दात्यांची जागा असून त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या खाचेवरून संगणकाला भुजादंडाची स्थिती कळते. प्रत्येक प्रज्वलनानंतर दंड किंचित वेग घेतो. फेऱ्याच्या एखाद्या खंडाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, तर त्या खंडाचा सिलिंडर चुकला असे धरले जाते. मोजणी दोन मापांत होते : कन्व्हर्टर बिघडण्याच्या धोक्यासाठी दर २०० फेऱ्यांची, प्रदूषणासाठी १,००० फेऱ्यांची. पहिली मर्यादा ओलांडली की चेक एंजिनचा दिवा लुकलुकतो, दुसरी ओलांडल्यास तो स्थिर पेटतो. लुकलुकणाऱ्या दिव्यासह गाडी दामटणे म्हणजे कन्व्हर्टरचा खर्च ओढवून घेणे होय.

या पद्धतीची उणीव खड्ड्यांत उघडी पडते. चाकाला बसलेला धक्का गिअरमधून भुजादंडापर्यंत पोहोचतो आणि संगणकाला तो मिसिंगसारखाच दिसतो. म्हणून एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकवेग-संवेदकांवरून रस्ता खडबडीत असल्याचे ताडून मोजणी तात्पुरती थांबवतात. साब कंपनीने वेगळी वाट धरली : ठिणगीनंतर गुडदीच्या टोकांमधून वाहणारा आयन-प्रवाह मोजून ज्वलन झाले की नाही ते थेट पाहायचे. सिद्धांतदृष्ट्या ही पद्धत सरस मानावी लागेल. पण वेगळा संवेदक न लावता भागणारी भुजादंड-पद्धतच बहुतेक गाड्यांत टिकली.

स्कॅनरवर दिसणारे पी०३०१ ते पी०३०४ हे संकेत सिलिंडरचा क्रमांक सांगतात, पी०३०० म्हणजे चूक अनेक सिलिंडरांत विखुरलेली. संकेत ‘कुठे’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. केवळ संकेत वाचून चारही कॉइल बदलण्याची रीत यामुळेच महागात पडते.

कारणशोध : ठिणगी, हवा-इंधन आणि संपीडन (कॉम्प्रेशन) या तिघांपैकी काय ढळले ते शोधायचे असते. जुने कारागीर चालू एंजिनाची एकेक प्लग-वायर काढत. जी काढल्यावर एंजिनाचा आवाज बदलत नाही, तिचा सिलिंडर आधीच मेलेला. भुजादंड-पद्धत ही या युक्तीचीच सूक्ष्म आवृत्ती म्हणता येईल. आजच्या गाडीत वायर ओढू नये, इंजेक्टरची (इंधन फवारणाऱ्या भागाची) जोडणी सोडवून तीच परीक्षा होते. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावल्यावर संकेतही तिकडे सरकला, तर दोष कॉइलचा.

मिसिंग फक्त आयडलिंगला असेल तर मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांतील) हवागळती, ब्रेक-बूस्टरची फाटलेली नळी किंवा इंजेक्टरमधला कचरा यांवर प्रथम संशय घ्यावा. घाट चढताना झटके येत असतील तर प्लग व कॉइल बघावी, कारण सिलिंडरातला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. मॅनिफोल्डला लावलेल्या निर्वातमापकाचा काटा समुद्रसपाटीला निरोगी एंजिनावर सुमारे १७ ते २२ इंच पारा इतका स्थिर असतो. दर हजार फुटांमागे तो साधारण एक इंच उतरतो. महाबळेश्वरी (उंची सुमारे १,३५० मी.) चारेक इंच कमी दिसले म्हणून एंजिनाला दोष देऊ नये. संपीडन मोजताना सिलिंडरांमधला फरक आकड्याहून महत्त्वाचा. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घातल्यावर दाब चढला तर रिंगा झिजल्या, न चढला तर झडप किंवा हेड गॅस्केट.

वापरलेली गाडी : गिऱ्हाईक येण्याआधी एंजिन तापवून ठेवणे ही विक्रेत्यांची जुनी क्लृप्ती. थंड एंजिनातली मिसिंग गरम झाल्यावर पुष्कळदा दडते. बॉनेटवर हात ठेवला तरी ताडता येते. दुसरी क्लृप्ती स्कॅनरने संकेत पुसण्याची. येथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो : मिसिंगची तपासणी अखंड चालत असल्याने पुसल्यानंतरही ती स्कॅनरवर सहसा ‘तयार’ (म्हणजे पूर्ण) दिसते. पुसल्याची खूण शोधायची तर कन्व्हर्टर व ऑक्सिजन-संवेदक यांच्या तपासण्या ‘अपूर्ण’ आहेत का ते पाहावे.

सीएनजी गाड्यांत मिसिंग अनेकदा आधी गॅसवर आणि नंतर पेट्रोलवर दिसते. गॅस पेटवायला व्होल्टेज जास्त लागते, म्हणून प्लगचा गॅपही कमी ठेवतात. त्यातच कोरड्या इंधनाने झडपेची बैठक झिजून टॅपेटचे (झडप ढकलणाऱ्या भागाचे) अंतर संपते, झडप पूर्ण मिटत नाही आणि संपीडन गळते. इथेनॉल-मिश्रणाचा परिणाम निराळा : पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. इंजेक्शनच्या गाडीचा संगणक हा फरक इंधन वाढवून भरून काढतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत तशी सोय नसल्याने मिश्रण विरळ होते.

डिझेल एंजिनात ठिणगी नसल्याने वरील प्लग-कॉइलच्या परीक्षा लागू पडत नाहीत. तेथे संशय प्रथम इंजेक्टरवर, आणि थंडीत सुरू होतानाच्या थरथरीबाबत ग्लो प्लगवर (सिलिंडर तापवणाऱ्या कांडीवर).