ले-ऑफ, कपात, व्हीआरएस: फिटरच्या घरी येणाऱ्या कागदामागची सत्तर वर्षं

हिंजवडीतला मुलगा ‘लेऑफ झाला’ म्हणतो तेव्हा त्याची नोकरी गेलेली असते. भोसरीतला फिटर ‘ले-ऑफ लागला’ म्हणतो तेव्हा कायद्याच्या भाषेत त्याची नोकरी शाबूत असते. काम नाही म्हणून त्याला बसवून ठेवलेलं असतं आणि बहुधा अर्धा पगार चालू असतो. घरी मात्र दोघांनाही त्याच वहीपुढे बसावं लागतं: फ्लॅटचा हप्ता, मुलीची बारावीची फी, आईची औषधं. फरक पडतो तो हातात कोणता कागद आला यावर. ले-ऑफ, कपात (जास्तीचे कामगार कायमचे कमी करणं), क्लोजर (कारखाना बंद करणं) आणि व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) हे चार वेगळे कागद आहेत आणि प्रत्येकाचा जन्म वेगळ्या भांडणातून झाला आहे.

औद्योगिक विवाद कायदा १ एप्रिल १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी लागू झाला. संप, टाळेबंदी, समेट, न्यायाधिकरण हे त्याचे विषय. काम संपलं म्हणून घरी बसवलेल्या माणसाला काय द्यायचं, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. ते आलं १९५३ मध्ये, कापडामुळे. गिरण्यांच्या गोदामांत न खपलेला माल साचला आणि हजारो कामगारांना एकदम घरी बसवलं जाईल अशी धास्ती निर्माण झाली. व्ही. व्ही. गिरी तेव्हा केंद्रात कामगारमंत्री होते. सरकारने आधी अध्यादेश काढला, मग संसदेने त्याचा कायदा केला आणि २४ ऑक्टोबर १९५३ पासून मूळ कायद्याला ‘प्रकरण ५-अ’ जोडलं गेलं. ले-ऑफ आणि कपात या दोन शब्दांना व्याख्या मिळाली ती तेव्हा.

ले-ऑफची भरपाई ठरली मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या निम्मी. कारखान्यात ५० किंवा अधिक कामगार हवेत आणि कामगाराची वर्षभराची सलग सेवा हवी. पुढे अनेकांच्या तोंडी बसलेला ‘२४० दिवसां’चा हिशेब या सलग सेवेचाच: वर्षात २४० दिवस काम भरलं की ती सलग सेवा. बदली कामगाराला यातून वगळलं. सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असेल तर आत जायचं, अशी ज्याची रीत, त्याला काम नसण्याची भरपाई कसली, असा त्यामागचा विचार असावा. वर्षभर सलग सेवा झालेल्या बदलीला मात्र कायद्याने बदली मानलं नाही, हे कायदा करणाऱ्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

कुशल कामगाराच्या दृष्टीने सगळ्यात बोलकं कलम होतं २५-ई, आणि त्याच्याकडे फारसं कोणी बघत नसे. ले-ऑफच्या काळात दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी कारखान्यात हजेरी लावली नाही तर भरपाई बुडते. त्यामुळे या काळात दुसरीकडे रोजाने जाणंही अवघड. मालकाने त्याच कारखान्यात, किंवा त्याच मालकाच्या पाच मैलांच्या आतल्या दुसऱ्या कारखान्यात पर्यायी काम देऊ केलं आणि ते नाकारलं, तरीही भरपाई बुडते. अट एवढीच की पगार नेहमीचा मिळाला पाहिजे आणि ते काम विशेष कौशल्य किंवा पूर्वानुभव न लागणारं असलं पाहिजे. म्हणजे वीस वर्षं टूलरूममध्ये मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्या माणसाला गोदामात खोकी लावायला सांगितलं, तर कायद्याच्या नजरेत ते रीतसर आहे. नाकारण्याची मुभा आहे, पण अर्धा पगार सोडून.

कपातीसाठी त्याच दुरुस्तीने तीन नियम घालून दिले. एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. बावीस वर्षं काढलेल्या माणसाला साधारण अकरा महिन्यांचा पगार, ग्रॅच्युइटी वेगळी. दुसरा नियम म्हणजे शेवटी आलेला आधी जाणार, आणि तोही त्या त्या वर्गात. फिटरची तुलना फिटरशी, वेल्डरची वेल्डरशी. म्हणून नियमांनुसार सीनिऑरिटी लिस्ट नोटीस बोर्डावर लावावी लागते. ती लिस्ट लागली की कारखान्यात कुजबुज सुरू होते. आमच्या घरी वडील टूलरूममधले. १९९० च्या दशकात एकदा ते कामावरून आले आणि चपला न काढता आईला म्हणाले, ‘माझ्याखाली अकरा आहेत.’ आईने पुढे काही विचारलं नाही. तिसरा नियम असा की पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी बोलवायचं.

हे सगळं कागदावर आल्यानंतर महिन्याभरातच त्याची पहिली मोठी परीक्षा सुरू झाली, आणि तीही महाराष्ट्रातच. कुर्डुवाडीहून एकीकडे बार्शीमार्गे लातूरला, दुसरीकडे मिरजेला जाणारी बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनीची अरुंद रुळांची गाडी. १ जानेवारी १९५४ पासून सरकार ती ताब्यात घेणार होतं. कंपनीने नोव्हेंबर १९५३ मध्येच सगळ्या नोकरांना नोटीस दिली: ३१ डिसेंबरला तुमची सेवा संपते. बहुतेकांना सरकारी रेल्वेने पुन्हा घेतलं. पण जुन्या मालकाने आम्हाला काढलं आहे, तेव्हा कपातीची भरपाई द्या, ही मागणी उभी राहिली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २७ नोव्हेंबर १९५६ ला न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. कपात म्हणजे चालू धंद्यातले जास्तीचे लोक कमी करणं; धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हातात गेला तर ती कपात नव्हे, असा त्याचा सारांश.

निकालाने सरकारची पंचाईत झाली. चार माणसं काढली तर भरपाई आणि चारशे काढून टाळं लावलं तर काही नाही, असा त्याचा अर्थ होत होता. १९५७ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मागच्या तारखेने, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून म्हणजे २८ नोव्हेंबर १९५६ पासून लागू केला गेला. मालक बदलला किंवा कारखाना बंद झाला तरी भरपाई, हे तत्त्व तिथून आलं. कुर्डुवाडीच्या नोकरांनी लढलेल्या खटल्याचा लाभ त्यांना सोडून पुढच्या सगळ्यांना झाला.

तोपर्यंत कायदा एवढंच सांगत होता की काढायचं तर पैसे द्या. काढायला परवानगी घ्या, असं तो म्हणाला आणीबाणीत. ५ मार्च १९७६ पासून ‘प्रकरण ५-ब’ आलं. ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, खाणीत, मळ्यात ले-ऑफ, कपात किंवा बंद यांसाठी सरकारची आगाऊ परवानगी लागू लागली. संपाचा हक्क गोठवलेला असताना नोकरी मात्र पक्की झाली, हा त्या काळाचा विचित्र व्यवहार. मुंबईच्या एक्सेल वेअर या कपडे शिवणाऱ्या कारखान्याने कारखाना बंद करायला परवानगी लागण्याच्या अटीला आव्हान दिलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरवलं.

मग आला ऑगस्ट १९८४. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात लाखो घरं मोडून पडली होती. त्या महिन्यात दोन दुरुस्त्या तीन दिवसांच्या अंतराने लागू झाल्या. २१ ऑगस्टला परवानगीची मर्यादा ३०० वरून १०० कामगारांवर आली; कारखाना बंद करण्याबद्दलचं कलमही नव्या रूपात परत आलं. तीन दिवस आधी, १८ ऑगस्टला, कपातीच्या व्याख्येत एक छोटं पोटकलम शिरलं होतं: ठरावीक मुदतीचा करार संपला आणि त्याचं नूतनीकरण झालं नाही, तर ती कपात मानायची नाही. पुढचा दरवाजा घट्ट झाला त्याच आठवड्यात मागचा उघडला. माझ्या मते पुढच्या चाळीस वर्षांत चाकण-रांजणगावच्या शॉपवर जे चित्र दिसतं, एकाच लाइनवर परमनंट, कंत्राटी, ट्रेनी आणि मुदतीचा असे चार रंगांचे शर्ट, त्याची सुरुवात शोधायची तर ती या पोटकलमापर्यंत जाते. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा आणि शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदाही त्यात आहेतच.

परमनंटला काढणं अवघड झालं तेव्हा त्याने स्वतःहून जावं यासाठी व्हीआरएस आली. १९९१ नंतर ती सगळीकडे पसरली. सरकारने १९९२ मध्ये व्हीआरएससारख्या खर्चासाठी राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्हीआरएसच्या रकमेवर प्राप्तिकर माफ झाला. पण स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याने कपात नव्हे. तिच्यात सीनिऑरिटीचा प्रश्न येत नाही आणि परत बोलावण्याचा हक्कही उरत नाही. ज्याच्या हातात चांगलं कसब, तो बाहेर काम मिळेल या भरवशावर लवकर सही करतो. मग कळतं की त्याचं निम्मं कौशल्य त्या एका कंपनीच्या मशिनांचं आणि ड्रॉइंगचं होतं, आणि बाहेरच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) पंचविशीतला पोरगा त्याच्या निम्म्या पगारात उभा आहे.

इथेच मला या सगळ्या इतिहासातली खोच दिसते. माणूस हुनराने वर चढतो तसं त्याच्याभोवतीचं संरक्षण विरळ होत जातं. ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत १९५६ मध्ये तांत्रिक काम करणारे आले आणि सुपरवायझरही आले, पण सुपरवायझरला पगाराची मर्यादा होती: आधी ५०० रुपये, मग १,६००, २०१० पासून १०,०००. १९४७ च्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,०००. चांगल्या टूलमेकरला बढती देऊन सुपरवायझर केलं की घरी पेढे वाटले जातात. पण काम खरोखर देखरेखीचं झालं असेल, तर त्याच दिवशी तो कपातीच्या कलमांबाहेर गेलेला असतो. न्यायालयं हुद्दा न बघता प्रत्यक्ष काम बघतात हे खरं, पण ते सिद्ध करायला वर्षं जातात. ईएसआयचंही (कर्मचारी राज्य विमा योजनेचंही) तसंच. नोकरी गेल्यावर बेकारी भत्ता देणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ मध्ये आणि अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये आली. दोन्ही ईएसआयच्या सभासदांसाठी. २०१७ पासून ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे. जुन्या परमनंट फिटरने ती केव्हाच ओलांडलेली असते. दुसऱ्या टोकाला भोसरीतलं वीस माणसांचं जॉबवर्क शॉप. तिथे कपातीची भरपाई आहे, पण ५० ची अट असल्यामुळे ले-ऑफची नाही.

मालक बदलला की कामगारांचं काय, हा बार्शीचा जुना प्रश्न तळेगावात पुन्हा भेटला. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना, १,४०० हून अधिक कामगारांना ले-ऑफ लागला. युनियन लढत राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी खरेदीचा करार झाला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रांचा. बार्शीला निदान रूळांबरोबर बहुतेक माणसंही नव्या मालकाकडे गेली होती.

आता १९४७ चा कायदाच मागे पडला आहे. २०२० मध्ये संमत झालेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० वर गेली, म्हणजे आकडा १९७६ ला परतला. मुदतीच्या नोकरीला उघड मान्यता मिळाली. बदल्यात अशा कामगाराला वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क आला, ही जमेची बाजू. भरपाईचा दर प्रत्येक वर्षामागे १५ दिवस, १९५३ मध्ये होता तोच.

खरोखर नवीन म्हणावी अशी गोष्ट एकच: पुनर्कौशल्य निधी. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराचे १५ दिवस त्यात भरायचे आणि ते ४५ दिवसांच्या आत त्या कामगाराच्या खात्यात जायचे. कपात झालेल्याने नवं काही शिकावं यासाठी पैसे बाजूला काढण्याची कल्पना या कायद्यात यायला सत्तर वर्षं लागली. रक्कम मात्र पंधरवड्याच्या पगाराची, आणि आयटीआयचा फिटरचा कोर्स आजही दोन वर्षांचा आहे.