मोपा की दाबोळी? फरक तीन बिटांचा

मे महिन्यात पेडण्याला आमच्या घरी पाहुणे यायचे होते. तिकीट दाबोळीचं आणि त्यांना आणायला गाडी गेली मोपाला. ५ जानेवारी २०२३ला मोपाचा मनोहर विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून ही गफलत ओळखीच्या कितीतरी घरांत झालेली मी ऐकली आहे. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. अक्षर एकच वेगळं, पण रस्त्याने अंतर बरंच मोठं.

पाहुणे उशिरा पोचले, चहा झाला, आणि नववीतली भाची म्हणाली, "मामा, माणसांचा एवढा घोळ होतो, मग विमानाचा का होत नाही? त्याला कोण सांगतं कुठे उतरायचं?" तिचे बाबा लगेच म्हणाले, "सॅटेलाइट सांगतं."

हा समज इतका पक्का बसलाय की आधी तोच काढायला हवा. जीपीएसचा उपग्रह दोनच गोष्टी सांगतो: माझ्या घड्याळात किती वाजले आणि मी आकाशात कुठे आहे. अशा निदान चार उपग्रहांचं ऐकून विमानातला रिसीव्हर स्वतःची जागा काढतो. तुम्ही कुठे निघालात, हे उपग्रहाच्या गावीही नसतं. ते असतं पायलटने भरलेल्या फ्लाइट प्लॅनमध्ये, म्हणजे वाटेतल्या टप्प्यांच्या यादीत. छोट्या विमानांच्या वायरिंगमध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि त्या यादीचा एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात होणारा प्रवास मला अजूनही तितकाच आवडतो.

सेस्ना १७२सारखं चार माणसांचं विमान डोळ्यांसमोर आणा. पॅनलवर दोन जीपीएस, नकाशा दाखवणारा डिस्प्ले, शिवाय ऑटोपायलट. अनेकदा हे सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या काळात बसवलेले. पायलट यादी एका जीपीएसमध्ये भरतो, हल्ली टॅब्लेटवर तयार करून ब्लूटूथनेही पाठवतो. तीच यादी बाकीच्या युनिटना आपोआप कळली पाहिजे. प्रत्येक ठिकाणी नव्याने टाइप करायची म्हटली, की चूक ठरलेलीच.

हे काम बहुतेक वेळा करतात दोन बारीक तारा. त्यांच्यावरून चालणाऱ्या भाषेचं नाव एरिंक ४२९. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या विमानांसाठी बनलेलं हे मानक आजही छोट्या विमानांत राबतंय. त्याचा पहिला नियम: एका जोडीवर बोलणारा एकच, ऐकणारे जास्तीत जास्त वीस. आपल्याकडे गाऱ्हाणं घालताना एकजण बोलतो आणि बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात. इथे तेवढाही प्रतिसाद नाही. समोरच्याने ऐकलं की नाही हे बोलणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो तीच यादी पुन्हा पुन्हा सांगत राहतो. दोन जीपीएसनी एकमेकांना प्लॅन द्यायचा असेल, तर जाण्याची एक जोडी आणि येण्याची दुसरी.

या दोन तारा सुंभ वळतात तशा एकमेकींभोवती वळलेल्या असतात. '१' हा अंक पाठवताना एका तारेवर अधिक ५ व्होल्ट, दुसरीवर उणे ५. ऐकणारा फक्त फरक मोजतो: १० व्होल्ट. शेजारी रेडिओ सुरू झाला आणि दोन्ही तारांवर एकेक व्होल्टचा गोंगाट चढला, तर एक होते ६, दुसरी उणे ४. फरक पुन्हा १०! तारा वळल्यामुळे गोंगाट दोघींवर सारखाच चढतो, आणि वजाबाकीत निघून जातो. वरून जाळीचं शिल्ड. त्याचं टोक होईल तितकं आखूड ठेवून बॉडीला जोडायचं. लांब लोंबतं ठेवलं, तर तेच अँटेनासारखं वागायला लागतं.

आता खरी गंमत. या भाषेतला प्रत्येक शब्द बरोबर ३२ बिटांचा, म्हणजे शून्य आणि एक अशा ३२ खुणांचा. पहिले ८ बिट म्हणजे लेबल, पुढे काय येतंय त्याची पाटी. लेबल अष्टमान पद्धतीत लिहितात, म्हणून त्यात ८ आणि ९ हे आकडे कधीच दिसत नाहीत. पुढचे २ बिट सांगतात की हा स्रोत क्रमांक एक की दोन. मग १९ बिट माहिती, २ बिट माहितीच्या अवस्थेचे, आणि शेवटचा एक चूक पकडण्याचा, म्हणजे पॅरिटीचा.

१९ बिटांत अख्खा टप्पा मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे करतात. लेबल ०७४ म्हणजे यादी सुरू होतेय. ३०४ मध्ये नावाची पहिली तीन अक्षरं, ३०५ मध्ये पुढची तीन. एका अक्षराला ७ बिट, तिघांना २१. ते भरायला स्रोताचे दोन बिटही वापरून टाकतात. ३०६ मध्ये अक्षांश, ३०७ मध्ये रेखांश, आणि बेरीज जुळते का हे तपासायला ११३.

विमानाच्या यादीत तिकिटावरच्यापेक्षा वेगळी नावं असतात: मोपाचं व्हीओजीए, दाबोळीचं व्हीओजीओ. म्हणजे ३०४चा शब्द दोघांचाही तोच! फरक पडतो ३०५च्या पहिल्या अक्षरात. संगणकाच्या लिपीत 'ए' म्हणजे ६५, 'ओ' म्हणजे ७९. भाचीने वहीच्या मागच्या पानावर दोन्ही द्विमान पद्धतीत मांडले, १०००००१ आणि १००१११, खाली रेघ मारली आणि पुन्हा मोजलं. "मामा, दुसऱ्यात एक आकडा कमी पडतोय." मग तिने तो दुरुस्त केला: १००११११. तीन जागी फरक.

मग मी तिला पॅरिटी मोजायला लावली. नियम असा, की पूर्ण शब्दात एकांची संख्या विषम असायला हवी. नसेल तर शेवटचा बिट एक करून ती विषम करायची. ६५ मध्ये दोन एक, ७९ मध्ये पाच. म्हणजे पॅरिटीचा बिटही बदलणार. समजा वाटेत गोंगाटाने नेमके ते तीन बिट उलटले आणि मोपाचं दाबोळी झालं, तरी पॅरिटी चुकेल आणि ऐकणारा तो शब्द टाकून देईल. दोनच बिट उलटले तर मात्र पॅरिटीला पत्ता लागत नाही. तिथे ११३ची बेरीज कामाला येते.

नावावर तरी कितपत विसंबायचं? २० डिसेंबर १९९५ला कोलंबियातल्या काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं ९६५ क्रमांकाचं विमान डोंगरावर आदळलं, १५९ माणसं गेली. कारणं अनेक होती, त्यातलं एक असं: वैमानिकांना 'रोझो' हा बीकन, म्हणजे वाट दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र, हवा होता, त्यांनी 'आर' हे अक्षर दिलं, आणि संगणकाने बोगोटाजवळचा 'रोमिओ' उचलला. तारेवरून मात्र नावासोबत अक्षांश-रेखांशही जातात आणि ऐकणाऱ्याला नावावरून जागा शोधावी लागत नाही. अक्षांशाची सर्वांत लहान पायरी आहे सुमारे १९ मीटरची. मोपा आणि दाबोळी सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटर लांब, म्हणजे दोघांत दोन हजारांवर पायऱ्या. नावात तीन बिटांचं अंतर असलं, तरी जागेत असं दांडगं अंतर आहे.

वायरिंग झालं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. एकदा एका विमानात जुना जीपीएस काढून आम्ही नवा बसवला. मल्टीमीटर लावून पिन-टू-पिन कंटिन्युइटी, म्हणजे तार कुठे तुटलेली नाही ना, हे बघितलं, सगळं ठीक. डिस्प्लेवर मात्र प्लॅन येईना. कनेक्टर दोनदा उघडून झाला. संध्याकाळी कोणीतरी म्हणालं, आज अमावास्या आहे, नारळ ठेवूया आणि उद्या बघूया. श्रद्धेने हत्यारांना फूल वाहणारा मीही आहे, खंडेनवमीला माझ्या क्रिम्परवर झेंडू असतोच. पण बिघाड तिथीवर ढकलला की शोध थांबतो, आणि विमानात शोध थांबणं मला मान्य नाही. तारेतल्या व्होल्टेजला तिथी कळत नाही.

मी तारेवर ऑसिलोस्कोप लावला, म्हणजे व्होल्टेजचे चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र. एकेक बिट १० मायक्रोसेकंदांचा दिसत होता. एरिंकला दोन वेग आहेत: सेकंदाला १ लाख बिट किंवा १२,५००. दहा मायक्रोसेकंद म्हणजे जलद. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मात्र इनपुट जुन्या जीपीएसच्या वेळचंच, 'लो'. तो ८० मायक्रोसेकंदांच्या बिटाची वाट बघत बसला होता, त्याच्या दृष्टीने तारेवर अर्थ लागेल असं काहीच येत नव्हतं.

'लो'चं 'हाय' केलं, पॉवर बंद करून पुन्हा दिली. काही क्षणांत पडद्यावर टप्पे उमटले, चालू टप्प्याची रेषा किरमिजी, पुढच्या पांढऱ्या. मग जीपीएसवरून मधला एक टप्पा काढला, डिस्प्लेवरूनही तो गेला. परत घातला, परत आला. तेव्हाच पॅनलचे स्क्रू आवळले.